मोरचुदाची माती

अंबुजाक्कांनी मला पहिल्याच दिवशी फावड्याच्या दांड्यानं मारलं.

सरकारी माती-प्रयोगशाळेत नोकरी लागून मी पुण्याहून बेंगळूरला आलो होतो. अंगात लग्नातला कोट, हातात नेमणुकीचा हुकूम आणि पायांत करकर वाजणारे नवे बूट. व्हरांड्यात वर्तमानपत्रांवर मातीचे छोटे छोटे ढीग वाळत घातले होते. मला वाटलं, कुणी झाडता झाडता अर्ध्यात उठून गेलं असावं. ढिगांमधून वाट काढताना माझी टाच एका ढिगात रुतली, आणि मागून पोटरीवर असा फटका बसला की मी कोटासकट खाली बसलो.

"कण्णू फुटले का रे तुझे? होसकोटेची माती नेऊन जक्कूरच्या मातीत घातलास की!"

मी वर पाहिलं. चाळिशी ओलांडलेली बाई, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळावर मोठं कुंकू, नखं तांबड्या मातीनं रंगलेली. हातातला दांडा अजून उगारलेलाच होता.

"मी इथला नवा सहायक आहे," मी कसाबसा बोललो.

"सरी. मग ऊठ, आणि ही माती परत आणायला जा. चालत जा. जीप मिळणार नाही."

मी लंगडत टायपिस्टकडे गेलो तेव्हा तो माणूस मला दिलासा देत म्हणाला, "फक्त दांडा लागला ना? नशीबवान आहात. मला परीक्षानळ्यांचा लाकडी स्टँड लागला होता." त्यानं कानामागची खूणही दाखवली.

आज हे लिहिताना मला हसू येतं, पण अक्कांचा राग हा घरातल्या मोठ्या बाईचा लटका राग नव्हता. त्या खरोखर मारत. शिपायाला मारलं होतं, आवारात घुसलेल्या शेळीचं शिंग मोडलं होतं, आणि नमुने घेताना अंगावर धावून आलेल्या एका कारखान्याच्या पहारेकऱ्याला मातीत भोक पाडायच्या लोखंडी गिरमिटानं असं हाणलं होतं की तो आठवडाभर गळ्यात हात अडकवून फिरत होता. वरच्या साहेबांकडे तक्रारी जात. साहेब त्या वाचत आणि बाजूला ठेवत, कारण अक्कांसारखं मातीतलं तांबं शोधणारं त्यांच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. शिवाय मला वाटतं, साहेबही त्यांना भीत असत.

त्या चिकपेटेतल्या जुन्या मराठी घराण्यातल्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरलाच राहिल्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड उतरलं होतं, आणि माझ्या पुणेरी मराठीची त्यांना मनापासून गंमत वाटे. "तू बोलतोस की पेपर वाचून दाखवतोस रे, पुणेकर?" असं त्या विचारत. माझं खरं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. मी मात्र इतरांसारखं त्यांना अक्का म्हणू लागलो. त्यांना बाई म्हणणाऱ्याकडे त्या वळूनसुद्धा बघत नसत.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला घाण होतं. होसकोटेच्या अलीकडे तांब्याच्या तारांचा एक कारखाना उभा राहिला होता. तारा आम्लात धुतल्या की उरलेलं हिरवं पाणी ओढ्यात सोडत. ओढ्याकाठच्या सखल शेतांत ते पाणी शिरलं, आणि तिथली नाचणी हातभर वाढायच्या आत करपून गेली. आरडाओरडा झाला तेव्हा सरकारनं आम्हाला विचारलं: मातीत तांबं किती असलं की ती जमीन बंद करायची? एक आकडा द्या. आकड्याच्या वर असलेली शेतं सरकार ताब्यात घेईल, पीक काढून टाकील आणि कुंपण घालील.

हा आकडा काढायची अक्कांची रीत अशी. कधी नांगर न लागलेल्या माळाची स्वच्छ माती आणायची, चाळायची, मडक्यांत भरायची. मडक्यागणिक वाढतं मोरचूद पाण्यात विरघळवून त्या मातीत कालवायचं. मोरचूद म्हणजे तांब्याचंच निळं मीठ. मग प्रत्येक मडक्यात ठरावीक गांडुळं सोडायची आणि वर ओलं गोणपाट टाकायचं. काही दिवसांनी मडकी पत्र्यावर पालथी करून पाहायचं, कोण जगलं आणि कोण मेलं.

गांडुळाचं मरण शांत असतं असं मला वाटायचं. तसं नसतं. मोरचुदाच्या मातीत पडलेलं गांडूळ आधी पिळवटतं, मग त्याच्या अंगावर गाठी येतात, पिवळा चिकट द्रव सुटतो, आणि शेवटी जिवंतपणीच त्याचे तुकडे पडायला लागतात. पुढचा तुकडा मागच्याला टाकून मातीतून वर यायला धडपडतो. मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि व्हरांड्यात जाऊन उलटी केली. अक्का मात्र पेन्सिलीच्या बोथट टोकानं एकेकाला डिवचून बघत आणि मेलेल्याला शिव्या घालत. "एवढ्यात मेलास, मुडद्या? शेजारचा बघ, अजून वळवळतोय." ज्या दिवशी मडकी पालथी करायची त्या दिवशी त्या डबा उघडत नसत. विचारलं तर म्हणत, हाताचा वास जात नाही.

"अक्का, इतकी मारायलाच हवीत का?" मी एकदा विचारलं.

"किती सोसतं ते मेल्याशिवाय कळत नाही रे. आधी कळायची काही युक्ती तुमच्या पुण्यात असली तर सांग."

हे त्यांचं पालुपद होतं, आणि त्यामागे काय होतं ते मला त्यांचा नवरा आला त्या दिवशी कळलं. त्यांना नवरा आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. भांड्यांचा व्यापारी होता. उजवं मनगट वाकडं. बरोबर एक वयस्क मध्यस्थ घेऊन आला होता. मध्यस्थ गोड आवाजात म्हणाला, "झालं गेलं विसरून जा, अक्का. संसारात बाईमाणसानं स्वल्प सोसायला हवं."

अक्कांनी हातातलं मडकं खाली ठेवलं. मग आमच्या सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "तीन वर्षं सोसले. कंबरपट्ट्यानं मारायचा हा. रोज म्हणायचे, आज जास्त झालं की उद्या बोलीन. एक दिवस खलातला बत्ता हातात होता. तो बत्ता ह्या मनगटावर घातले तेव्हा कळलं, माझी हद्द कालच होऊन गेली होती." आणि टेबलावरचा पितळी बत्ता त्यांनी नुसता जवळ ओढला. दोघं पाहुणे जिना उतरून गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

बत्ता घातल्यावर त्या माहेरी गेल्या होत्या. वडिलांनी त्यांना कॉलेजात घातलं आणि रसायनशास्त्र शिकवलं. मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, आणि भीतीही तितकीच वाटली. जिनं इतका मार खाल्ला त्या बाईनं इतरांना इतक्या सहज मारावं, याचं कोडं मला तेव्हाही सुटलं नाही आणि आजही सुटलेलं नाही.

आकडा ठरवायच्या बैठकीत साहेबांनी सुचवलं, "ज्या मडक्यात निम्मी गांडुळं मरतात तो आकडा धरू. निम्मी जगतात म्हणजे जमीन ठीकच म्हणायची. कारखान्याचंही बघायला हवं."

"साहेब, तुमची मुलं किती?" अक्कांनी विचारलं.

"चार. का?"

"दोन मेली तर घर ठीक आहे म्हणाल?"

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी काही बोलायच्या आत अक्कांनी तेच निम्म्या मेलेल्यांचं मडकं उचललं आणि त्यांच्या टेबलावर पालथं केलं. हिरवट माती, मेलेले तुकडे आणि त्यांतून वर यायला धडपडणारी जिवंत गांडुळं साहेबांच्या चहाच्या कपापर्यंत पसरली. बैठक तिथंच संपली. आकडा अक्कांचाच धरला गेला: ज्या मडक्यात एकही मरत नाही आणि अंड्यांचे कोषही पडतात, त्याच्या निम्मा. त्या दिवशी आम्ही सगळे खूश होतो. गरिबाच्या बाजूनं आकडा लागला असं वाटलं, आणि अक्कांनी सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला.

मग मी ओढ्याकाठची शेतं मोजायला निघालो. करपलेली सखल शेतं आकड्याच्या कितीतरी वर निघाली, त्यात आश्चर्य नव्हतं. पण वरच्या अंगाला मुनियप्पाचा द्राक्षमळा होता. कारखान्याचं पाणी तिथं कधी चढलं नव्हतं. दगडी खांबांवर तारा ताणलेल्या, त्यांवर काळ्या द्राक्षांचे वेल पसरलेले, खाली भर दुपारी सावली. मुनियप्पाच्या बापानं तो लावला होता. बाप आणि मुलगा वर्षानुवर्षं पावसाळ्यात वेलांवर केवडा रोग पडू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं पाणी फवारत आले होते. सगळेच द्राक्षवाले फवारतात. ते पानांवरून गळून मातीत साचत गेलं होतं. मुनियप्पाच्या मातीतलं तांबंही आकड्याच्या वर निघालं.

मी अक्कांना सांगितलं, "वेल तर रसरशीत दिसताहेत."

"दिसण्यावर जायचं असलं तर तुझी-माझी नोकरी कशाला रे? आकडा म्हणजे आकडा. उद्या दुसरा येऊन म्हणेल, माझा कारखाना छान दिसतो."

नोटीस गेली. द्राक्षं पिकायला लागली होती, आणि मळा तोडायचा हुकूम निघाला होता.

मुनियप्पा प्रयोगशाळेत आला तो डोक्यावर पाटी घेऊन. उंच, काळा, गुडघ्यापर्यंत धोतर, कमरेला कोयता. मळ्यातला माणूस कोयत्याशिवाय घराबाहेर पडत नाही, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटलं नाही. त्यानं पाटी अक्कांच्या टेबलावर ठेवली आणि वरचं ओलं गोणपाट काढलं. आत तांबडी ढेकळं होती, त्यांवर चुन्याचे पांढरे कण, आणि ढेकळांत गांडुळं होती. जाड, चकचकीत, हालणारी.

"अम्मा, तुमच्या कागदात माझी माती मेली आहे. बघा, ही मेली आहे का?" तो कन्नडमध्ये म्हणाला. आवाज चढा नव्हता.

अक्का सकाळपासून मडकी पालथी करत होत्या, पोटात काही नव्हतं. त्यांनी पाटीकडे पुरतं पाहिलंही नाही. "एरेहुळ काय, उकिरड्यातूनही मिळतात. पाटीत घालून कुणीही आणील. जा."

"मग मळ्यात चला. तुमच्या हातानं खणा."

"मी काय तुझी मजूर आहे?"

"अम्मा, चला." असं म्हणून त्यानं त्यांचा दंड धरला. ओढलं नाही, नुसता धरला. तो धरायला नको होता. पुरुषाचा हात अंगाला लागताच अक्कांचा चेहराच बदलला. हिसडा देऊन त्यांनी दंड सोडवला, पाटी टेबलावरून जमिनीवर फेकली आणि फरशीवर फुटलेल्या मातीला लाथ मारली. ढेकळं भिंतीपर्यंत उडाली. एक गांडूळ मुनियप्पाच्या पायावर येऊन पडलं.

मुनियप्पा क्षणभर त्या मातीकडे बघत राहिला. सकाळी मळ्यात पाऊल टाकायच्या आधी तो वाकून ती कपाळाला लावत असे, हे मला पुढं कळलं. मग त्याचा हात कमरेकडे गेला. अक्कांनी डावा हात आडवा धरला. कोयता खाली आला आणि त्यांची दोन बोटं तुटून मातीत पडली.

पुढचं सगळं एकदम झालं. शिपाई, ड्रायव्हर, पहारेकरी सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्यांनी त्याला स्टुलानं, सायकलच्या पंपानं, हाताला लागेल त्यानं मारलं. त्याचे दात पडले, एक डोळा बंद झाला, तरी कुणी थांबेना. तो प्रतिकारही करत नव्हता. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातातून रक्त वाहत होतं, आणि त्या जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, "साकु! बस करा, हलकटांनो! साकु!" तेव्हा कुठे ते थांबले.

दुसऱ्या दिवशी मी इस्पितळात गेलो. पोलीस जबानीसाठी बाहेर बसले होते. अक्कांनी मला जवळ बोलावलं. माझी समजूत होती की त्या हाताबद्दल काही बोलतील.

"पुणेकर, तू ती ढेकळं बघितलास?"

"बघितली."

"अख्खं एखादं होतं?"

"एक होतं. मी उचलून ठेवलंय."

"त्यात बीळ कसं होतं? वरवर, की आरपार?"

मी ते ढेकूळ नीट पाहिलं होतं. "आरपार होतं. आतून गुळगुळीत लिंपलेलं. आणि दोऱ्यासारखी बारीक पिल्लंही होती."

अक्कांनी डोळे मिटले. पाटीत कुणीही गांडुळं टाकू शकतो, पण ढेकळात आरपार बीळ कोरून त्यात पिल्लं वाढवू शकत नाही. ती गांडुळं तिथलीच होती, तिथंच जन्मली होती.

"माळाची चाळलेली माती, त्यात काल कालवलेलं मोरचूद," त्या हळूहळू म्हणाल्या. "आणि त्याची माती चुन्यात, शेणात, पावसात इतकी वर्षं मुरलेली. तांबं तेवढंच, पण ते धरून बसलंय रे मातीनं. सोडत नाही. आणि आम्ही दोघांना एकच काठी लावली." मग एकदम उठून बसल्या. "तोडणं थांबव! आत्ता जा!"

मी साहेबांकडे धावलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरकारी बाईवर कोयता चालवला. आता थांबलो तर उद्या प्रत्येक नोटिशीला कोयता येईल." खरं तर तोडणी पुढच्या आठवड्यात होती. त्या रागापायी ती दुसऱ्याच दिवशी झाली, आणि सोबत पोलीस गेले.

मी तिथं होतो. मी जायला नको होतं असं अजून वाटतं, पण कुणीतरी पाहायलाही हवं होतं. कुऱ्हाडी बुंध्यावर पडत होत्या आणि घडांनी लगडलेला मांडव कोसळत होता. मजुरांचे पाय घोट्यापर्यंत द्राक्षांच्या रसानं काळेनिळे झाले होते. मुनियप्पाची बायको चेन्नम्मा एका बुंध्याला मिठी मारून पडली होती. पोलिसांनी आधी तिचे हात ओढले, मग केस ओढले. ती सुटेना तेव्हा एकानं तिच्या बोटांवर बुटाची टाच ठेवली. बुंधा तुटला तेव्हा ती किंचाळलीही नाही. संध्याकाळी तिथं नुसते दगडी खांब उभे होते.

इस्पितळातून सुटताच अक्का घरी न जाता मला घेऊन होसकोटेला निघाल्या. हाताला पट्टी होती, अंगात ताप होता. मळ्यात उतरून त्यांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि एका हातानं खणायला लागल्या. चेन्नम्मा बांधावर बसून बघत होती. गावातली चार माणसं जमली. पहिल्याच खड्ड्यात गांडुळं निघाली. दुसऱ्यातही निघाली. अक्का खणतच राहिल्या, खांबापासून खांबापर्यंत, जणू कुठंतरी मेलेली माती सापडेल आणि सुटका होईल. ती सापडली नाही. तोडलेल्या वेलांच्या मुळांभोवती सगळीकडे जिवंत वळवळ होती.

मग त्यांनी फावडं टाकलं, चेन्नम्मासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तप्पायितु." चूक झाली. त्या मुलखात चूक कबूल करताना माणसं स्वतःच्या गालांवर हलकेच चापट्या मारून घेतात, देवळातसुद्धा. अक्कांना हलकं काही येतच नव्हतं. त्यांनी उजव्या हातानं एका गालावर मारलं, मग डाव्या, पट्टी बांधलेल्या हातानं दुसऱ्या. फाड, फाड आवाज येत होता. ओठ फुटला, पट्टीतून रक्त उतरलं, तरी त्या थांबेनात. मी पुढं झालो तर गावातल्या एका म्हाताऱ्यानं मला अडवलं.

चेन्नम्मा बघत होती. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मला कशाला दाखवतेस? ज्याचा मळा होता तो तुरुंगात आहे." आणि उठून मळ्याशेजारच्या घरात गेली.

खटला उभा राहिला तेव्हा अक्कांनी साक्ष दिली. "त्याच्या मातीला लाथ मी मारली. त्याच्या जागी मी असते तर हात मनगटापासून उडवला असता," असं त्यांनी भर कोर्टात सांगितलं. सरकारी वकिलानं कपाळाला हात लावला. मुनियप्पाची सजा बरीच कमी झाली, पण तुरुंग चुकला नाही. पिंजऱ्यातून त्यानं एकदाही अक्कांकडे पाहिलं नाही.

राहिला आकडा. साहेब म्हणाले, "आता आकडा बदलला तर लोक विचारतील, मग मळा का तोडला?"

"विचारू देत की!" अक्कांनी उजवी मूठ साहेबांच्या टेबलावर अशी मारली की त्यावरची काच तडकली.

आम्ही पुन्हा मडकी भरली. या खेपेला मोरचुदात चुना आणि शेण कालवून ती उघड्यावर ठेवली. एक अख्खा पावसाळा त्यांनी खाल्ला. मग गांडुळं सोडली. ज्या तांब्यात आधीची तुकडे तुकडे होऊन मेली होती, तेवढ्याच तांब्यात ही जगली आणि त्यांचे कोषही पडले. नियम बदलला: कारखान्याच्या ताज्या पाण्याला जुनाच कडक आकडा, पण मुरलेली जमीन बंद करायची तर आधी त्याच जमिनीच्या मातीत गांडुळं सोडून बघायचं. त्या नियमानं मुनियप्पाची जमीन मोकळी झाली. अक्कांनी अहवालाखाली सही केली आणि त्याच दिवशी राजीनामाही दिला. साहेबांनी तो घेतला. मला वाटतं त्यांना रडू आलं होतं. मला तर आलंच होतं.

अक्का कुठं गेल्या ते काही दिवस कुणालाच कळलं नाही. मग ड्रायव्हरनं बातमी आणली की त्या रोज सकाळच्या बसनं होसकोटेला जातात. चेन्नम्मा त्यांच्याशी बोलत नसे. पण दुपारी नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा गोळा, आणि सार पडवीत ठेवून देई, आणि अक्का ते खात. कुठूनशा आणलेल्या द्राक्षाच्या काड्या त्या प्रत्येक खांबाशी लावत होत्या. विहिरीवरून कळशीनं पाणी घालत होत्या.

मुनियप्पा सुटल्याचं कळलं त्या सकाळी मी तिकडे धावलो. मनात धाकधूक होती. पोचलो तेव्हा तो बांधावर उभा होता, केस पांढरे झालेले, तोंडाचं बोळकं. अक्का मधल्या खांबाशी उभ्या होत्या.

"कोणी लावलं हे?" त्यानं विचारलं. चेन्नम्मानं नुसतं बोट दाखवलं.

त्यानं ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते अक्कांच्या खांद्यावर फुटलं. दुसरं कपाळावर लागलं आणि रक्त आलं. मी धावलो.

"पुणेकर! पाऊल टाकलास तर तंगडं मोडीन!" अक्का माझ्याकडे न बघताच ओरडल्या.

मी जागच्या जागी थांबलो. मुनियप्पा ढेकळं फेकत होता. शिव्या देत होता, अक्कांच्या आईला, त्यांच्या शिक्षणाला, आमच्या मडक्यांना. आणि मोठ्यानं रडत होता. छातीवर, पोटावर, तोंडावर ढेकळं फुटत होती. एकदा तीन बोटांचा हात आपोआप वर आला. अक्कांनी तो खाली घेतला. त्यांनी उगारलेला हात खाली घेतलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

हाताशी ढेकळं उरली नाहीत तेव्हा तो धापा टाकत उभा राहिला. त्याचंच एक ढेकूळ लागून खांबाजवळची काडी आडवी पडली होती. तिला दोन हिरवी पानं फुटली होती. मुनियप्पा बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग खाली बसला, काडी सरळ केली आणि दोन्ही तळव्यांनी बुडाची माती दाबली.

"नीरु हाकु," तो म्हणाला. पाणी घाल. मान वर केली नाही.

अक्कांनी पदरानं डोळ्यांवर आलेलं रक्त पुसलं आणि कळशी उचलली.